खाऊचा रिमोट कुणाच्या हातात?

शुक्रवारी संध्याकाळी चेलाडी फाट्याला सातारा रस्ता सोडून नसरापूरकडे वळणाऱ्या गाड्यांत हल्ली मागच्या सीटवर एखादं कुत्रं दिसतं. पण त्याहून जास्त कुत्री आधीच पुढे असतात, कारण ती तिथेच राहतात. भाटघरच्या फुगवट्याच्या काठाने, गुंजवणीच्या खोऱ्यात, पानशेतच्या अंगाने पुणेकरांची फार्महाउसं उभी राहिली. त्यांना कुंपण आलं, कुंपणाला फाटक आलं आणि फाटकाला कुत्रं आलं. मालक आठवड्यातले दोन दिवस असतो, पावसाळ्यात तेवढाही नसतो. उरलेले दिवस कुत्र्याजवळ असतं ते राखणीला ठेवलेलं जोडपं, बहुधा जवळच्याच वाडीतलं. आणि अलीकडे पडवीत एक डबा असतो. त्याला कॅमेरा असतो, स्पीकर असतो. पुण्यातल्या ऑफिसात बसून फोनवर बोट टेकवलं की डब्यातून खाऊचे दोन दाणे बाहेर पडतात, कुत्रं ते खातं आणि साठ किलोमीटरवर एक माणूस खूश होतो. (वेल्हे तालुक्याचं नाव सरकारी कागदावर आता राजगड झालं आहे. बोलण्यात अजून वेल्हेच आहे, म्हणून मीही तेच वापरतो.)

या डब्याची टिंगल करणं सोपं आहे आणि ती पुष्कळ जण करतात. गावातला माणूस हसतो, कारण कुत्र्याला भाकरी टाकायला यंत्र कशाला, हे त्याला कळत नाही. शहरातला विचारी माणूस हसतो, कारण त्याला यात प्रेमाचं कंत्राटीकरण दिसतं. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. दुरून खाऊ देणारं यंत्र ही कुत्र्यांच्या शिक्षणातली एक खरोखर हुशारीची वस्तू आहे. फक्त ती आठ-दहा फुटांच्या अंतरासाठी बनली होती आणि आपण ती साठ किलोमीटरवर नेऊन ठेवली. अंतर वाढल्यावर वस्तू तीच राहिली, काम मात्र उलटं झालं.

हे यंत्र मुळात फोनचं नव्हतंच. सोफिया यिन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्य होत्या, प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक. दाराची घंटा वाजली की भुंकत धावणारी, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणारी कुत्री हा त्यांच्याकडे येणाऱ्या मालकांचा नेहमीचा प्रश्न. उपाय माहीत होता: घंटा वाजली की कुत्र्याने एका ठरलेल्या सतरंजीवर जाऊन आडवं व्हायचं, आणि तसं केल्याबद्दल त्याला खाऊ मिळायचा. अडचण खाऊ देणाऱ्या हातात होती. कुत्रं सतरंजीवर बसलं की आपण खाऊ घेऊन त्याच्याकडे जातो. ते आपल्याला येताना पाहून उठतं, दोन पावलं पुढे येतं आणि दाणा तोंडात पडतो तो उठल्यावर. म्हणजे बसण्याचं बक्षीस म्हणून आपण दिलं ते उठण्याला. शिवाय कुत्र्याचं सगळं लक्ष आपल्या खिशाकडे. खिसा रिकामा असला की शिस्तही रिकामी.

यिन यांनी हात मधून काढून टाकला. यंत्र सतरंजीच्या टोकाशी ठेवलं, रिमोट आपल्याजवळ. बटण दाबलं की आधी एक ठरावीक आवाज होतो आणि लगेच दाणा पडतो, अगदी कुत्र्याच्या पुढच्या पायांशी, ते जिथे असायला हवं तिथेच. त्या आवाजाला फार किंमत आहे. कुत्र्याला लवकरच कळतं की आवाज म्हणजे ‘बरोबर’, आणि मग दाणा पोचायला क्षणभर उशीर झाला तरी बिघडत नाही. या पद्धतीवरचा यिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. आधी प्रयोगशाळेत आणि मग लोकांच्या घरी, मालकांच्या हातून, ही पद्धत वापरून पाहिली होती आणि दारातला गोंधळ कमी झाला होता.

कल्पना त्यांच्याही आधीची आहे. १९५१ साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये प्राण्यांना कसं शिकवावं यावर लेख लिहिला, त्यात टिकटिक वाजणारं पोरांचं खेळणं वापरायला सांगितलं होतं. सगळा मुद्दा वेळेचा. कुत्र्याने काही केलं आणि त्याचं फळ एका सेकंदाच्या आत कळलं, तर ते दोन्ही जोडलं जातं. तीन सेकंद गेले तर मधल्या वेळात त्याने कान खाजवलेला असतो, आणि मग कान खाजवण्याचं शिक्षण होतं.

आपल्याकडे या यंत्राचा एक जास्तीचा उपयोग आहे, जो अमेरिकेतल्या माणसाला सुचणार नाही. आपल्या गावठी कुत्र्यासमोर तुम्ही नुसते खाली वाका. दगड उचलायची गरज नाही, वाकलात की ते दहा पावलं मागे. हात वर गेला की ते कुंपणाबाहेर. पिढ्यान्‌पिढ्या दगड आणि काठीने त्याला हे शिकवलं आहे, आणि ते इतकं पक्कं शिकलं आहे की बिस्किट फेकायला उचललेला हातही त्याला दगडाचाच वाटतो. अशा कुत्र्याला हाताने खाऊ देऊन शिकवायला बसलात तर पहिले पंधरा दिवस तुमचा हात निर्दोष आहे हे पटवण्यात जातात. यंत्राला हात नाही. तुम्ही पायरीवर चहा घेत बसा, बटण खिशात दाबा. तुम्ही हललाही नाहीत आणि चांगली गोष्ट घडली. भेदरलेल्या कुत्र्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. आठ-दहा फुटांवरची अनुपस्थिती तिथे कामाला येते, कारण माणूस हजर आहे आणि तरी अंगावर येत नाही.

आता आक्षेपाकडे येऊ. आक्षेप असा की हे सगळं लाच देणं आहे. खरं कुत्रं खाऊसाठी नाही, धन्यासाठी करतं. मराठी मनात कुत्र्याची जागा इमानाच्या देव्हाऱ्यात आहे. रायगडावरचा वाघ्या इतिहासात होता की नव्हता यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत, एकदा तर पुतळा काढून पुन्हा बसवण्यापर्यंत गोष्ट गेली. पण त्या कथेतलं कुत्रं काय करतं याबद्दल दोन्ही बाजूंना शंका नाही. ते काहीही न मागता चितेत उडी घेतं. त्या मापाने पाहिलं तर दाण्यासाठी सतरंजीवर बसणारं कुत्रं फारच क्षुद्र वाटणार.

पण हे माप सोयीचं आहे, आणि ते कुणाच्या सोयीचं आहे ते बघा. इमान गृहीत धरलं की मोबदला द्यावा लागत नाही, आणि इमानात कसूर झाली की मारायचा हक्क मात्र आपोआप मिळतो. ‘पॉझिटिव्ह ट्रेनिंग’ला नाकं मुरडणाऱ्यांच्या घरचं कुत्रं बहुतेक वेळा वीतभर साखळीला बांधलेलं असतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावराला फार आखूड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा म्हणून सांगितलेला आहे, हे किती मालकांना ठाऊक आहे कोण जाणे. भाकरीचा तुकडाही मोबदलाच असतो. तो कशाबद्दल आहे हे आपण कुत्र्याला कधी सांगत नाही, एवढंच.

आणि इमानाच्या गोष्टींतली आपली आधुनिक नायक कुत्री कशी तयार झाली तेही पाहावं. झंजीर नावाचा लॅब्रेडॉर पुण्यात, शिवाजीनगरच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला आणि १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात गेला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डेटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. २००० साली तो गेला तेव्हा त्याला पोलिसी इतमामाने निरोप मिळाला. वास काढण्याचं काम कुणालाही मारून करून घेता येत नाही. काठीने कुत्र्याला बसवता येतं, गप्प करता येतं, पण हुंगायला लावता येत नाही. हुंगावं असं त्याच्याच मनात यावं लागतं. म्हणून जगभर शोधक कुत्र्यांना वास सापडल्याबरोबर चेंडू, खेळ किंवा खाणं मिळतं, आणि ते देणारा माणूस दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो.

दटावणीने शिकवण्याची किंमत मोजूनही झाली आहे. २०२० साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झटके, ओढाताण, ओरडा यांवर चालणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत शिकवणीच्या वेळी ताणाची लक्षणं जास्त दिसली, लाळेतलं कॉर्टिसॉल जास्त वाढलं. खाऊच्या बाजूने माझा कौल का, हे यातून पुरेसं स्पष्ट व्हावं.

तरीही खाऊची शिकवण निरागस असते असं मात्र मी म्हणणार नाही. राजगडावर रविवारी जा. गुंजवण्यातून चढायला लागलात की एखादं कुत्रं सोबतीला येतं. ते पुढे जातं, वळणावर थांबतं, तुम्ही दिसलात की पुन्हा पुढे. चोरदरवाजापर्यंत, कधी पद्मावती माचीपर्यंत. लोक त्याला ‘वाटाड्या’ म्हणतात, फोटो काढतात, हे गडाची राखण करतं असं कौतुकाने लिहितात. त्याने वाट का धरली हे उघड आहे. दहातल्या तीन टोळक्यांनी कधीतरी पिशवीतून ग्लुकोजची बिस्किटं काढली, सातांनी काढली नाहीत, आणि कोण काढेल हे आधी कळत नाही. असं अनिश्चित बक्षीस सर्वांत चिवट सवय लावतं. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली याचाच ग्रंथभर तपशील मांडला, आणि जुगाराचा अड्डाही याच तत्त्वावर चालतो. नेमाने मिळणारा खाऊ बंद झाला की जनावराला लगेच कळतं. कधीमधी मिळणारा बंद झाला, तर ते पुढच्या वेळी मिळेल म्हणून कितीतरी दिवस चढत राहतं.

म्हणजे गडावर येणारे हजारो लोक मिळून एक प्रचंड खाऊचं यंत्र झाले आहेत, आणि त्याच्या बटणावर कुणाचाच ताबा नाही. कुत्र्याला ते काय शिकवतायत हे त्यांना माहीत नाही. पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी गडावर चिटपाखरू नसतं, तेव्हा त्या शिकलेल्या सवयीचं पोटात काय होतं हेही माहीत नाही. साखर आणि मैदा हे कुत्र्याचं अन्न नव्हे, ही गोष्ट तर बाजूलाच राहिली.

पडवीतला फोनवाला डबा या गर्दीपेक्षा नक्की बरा आहे का? निदान त्याला एक मालक आहे. पण तो मालक काय पाहतो हे तपासायला हवं. कॅमेऱ्याला पडवीचा एक तुकडा दिसतो. कुत्रं त्या चौकटीत आलं म्हणजे ‘गुणी’, बाहेर असलं म्हणजे ‘कुठे गेलं?’ चौकटीत येण्याआधी ते काय करत होतं, कोंबडीमागे लागलं होतं की फाटकावर इमानेइतबारे बसलं होतं, हे फोनला कळत नाही. वेल्ह्याच्या खोऱ्यात नेटवर्क डोंगराच्या मर्जीवर असतं. चित्र अडखळत येतं, बोट टेकवल्यापासून दाणा पडेपर्यंत किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. यिन यांनी जो क्षण पकडण्यासाठी यंत्र बनवलं नेमका तोच क्षण इथे हातातून निसटतो. उरतो तो फक्त दाणा.

त्याहून वाईट गोष्ट डब्याच्या सोयींतच दडलेली असते. यातल्या बऱ्याच यंत्रांत कुत्रं भुंकलं की फोनवर सूचना येते. माणूस कामातून मान वर काढतो, ॲप उघडतो, ‘काय झालं रे राजा?’ म्हणतो आणि खाऊ टाकतो. भुंकलं, धन्याचा आवाज आला, दाणा पडला. याहून चोख शिकवणी कुठल्याही तज्ज्ञाला जमणार नाही. महिन्याभरात कुत्रं डब्यासमोर बसून डब्यावरच भुंकायला लागतं, आणि मालक मित्रांना सांगतो की त्याला माझी आठवण येते.

काही मालक हे ओळखतात आणि उलटं करतात. ते शांततेला खाऊ देतात. रात्री भुंकणं कमी व्हावं, फोन दोन वाजता वाजू नये, म्हणून. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर हे शहाणपणाचं आहे. वेल्ह्यात ते कुणाच्या जिवावर बेतू शकतं.

तिथे रात्री भुंकणं हे कुत्र्याचं काम आहे. सह्याद्रीच्या या भागात बिबट्या आहे, नेहमीच होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या बागायती शिवारात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या अन्नाच्या वजनात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्यामेंढ्यांपेक्षा कितीतरी जास्त. भोर-वेल्ह्याचा डोंगर म्हणजे अकोल्याचं ऊसशिवार नव्हे, पण बिबट्याला कुत्रं आवडतं हे गावात कुणाला अभ्यासातून शिकावं लागत नाही. अंधार पडला की वाडीतलं कुत्रं घरात, निदान ओट्यावर आडोशाला घेतात. त्याचं भुंकणं ऐकून माणूस उठतो, बॅटरी मारतो, गोठ्याचं दार बघतो. घाटमाथ्यावरच्या गवळी धनगरांच्या वस्त्यांवर, ज्यांच्या म्हशी रानात चरतात, कुत्रं म्हणजे रात्रीची पहिली बातमी. त्याला हे कुणी दाणे देऊन शिकवलेलं नसतं. पिल्लू मोठ्या कुत्र्याच्या मागे हिंडतं, मोठं भुंकलं की भुंकतं, माणसं कुठल्या भुंकण्यावर उठतात आणि कुठल्यावर कूस बदलतात हे पाहतं. माणसाचं उठणं हेच त्याचं फळ.

तेव्हा वागणं चांगलं कुठलं, हे ठरवणार कोण? मालकाला शांतता हवी, राखणदाराला आवाज. कुत्रं एकच आहे आणि दोन माणसं त्याला दोन विरुद्ध गोष्टी शिकवतायत, एक दाण्याने, एक उठून बसण्याने. खाऊच्या पद्धतीवर लिहिणारे ‘योग्य वर्तनाला बक्षीस द्या’ म्हणून मोकळे होतात. योग्य वर्तन हे जागेवर ठरतं, आणि जागेवर कोण राहतं हा प्रश्न कुत्र्याच्या शाळेबाहेरचा समजला जातो. मला तो आतला वाटतो.

दाण्याच्या ताकदीलाही मर्यादा आहे, आणि ती दाखवणारे लोक स्किनरचेच विद्यार्थी होते. केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने अमेरिकेत प्राण्यांना शिकवण्याचा धंदा काढला. १९५५ साली त्यांनी अर्कान्सासमधल्या हॉट स्प्रिंग्ज गावात ‘आयक्यू झू’ सुरू केलं. नाणं टाकलं की कोंबडी नाचायची, ससा काहीतरी वाजवायचा आणि यंत्रातून दाणे पडायचे. शिकवणारा माणूस समोर नाही, सगळं आपोआप. आपल्या पडवीतल्या डब्याचे हे आजोबाच. पण १९६१ साली याच ब्रेलंडांनी एक प्रामाणिक लेख लिहिला. डुकराला लाकडी नाणं उचलून गल्ल्यात टाकायला शिकवलं होतं. काही आठवडे त्याने टाकलं, मग ते नाणं वाटेत खाली टाकून नाकाने उकरायला लागलं, जशी डुकरं माती उकरतात. खाऊ उशिरा मिळाला तरी उकरत राहिलं. रॅकून नाणी गल्ल्यात सोडेना, दोन हातांत घासत बसला. उपजत स्वभाव हळूहळू शिकवणीवर चढत गेला. अंधारात कुंपणापलीकडे पाचोळा वाजला आणि नाकाला तो वास आला, तर तुमचे शंभर शांत दाणे कुत्रं विसरेल, आणि ते विसरलं तर बरंच.

मग माणसाशी नातं लागतं ते कशाने? कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करतो. २०१७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा भेटला तेव्हा भटक्या कुत्र्यांचा विश्वास खाण्यापेक्षा कुरवाळण्याने जास्त बसला. ही कुणाच्या सोफ्यावर वाढलेली कुत्री नव्हेत, उकिरड्यावर जगणारी आहेत, त्यांना एकेक घास मोलाचा. त्यांनीही हाताचा स्पर्श वरचा मानला. डब्याला स्पीकर आहे, डोळा आहे. हात तेवढा नाही.

भुकेबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ‘सकारात्मक’ या गोड शब्दाखाली ती झाकली जाते. स्किनरच्या परंपरेतले प्रयोग भुकेल्या प्राण्यांवर झाले. कबुतरांना त्यांच्या भरल्या पोटाच्या वजनाच्या ८० टक्क्यांवर ठेवायचं, हा प्रयोगशाळेतला रिवाज होता. पोट भरलेलं कबूतर दाण्यासाठी टोची मारत बसत नाही. काही जुने शिकवणारेही सांगतात, शिकवणीआधी कुत्र्याला जेवू घालू नका. भुकेल्या जनावराला दाण्यासाठी वागायला लावण्यात बक्षीस कुठे आहे? ती वेठ आहे. नामदेवांच्या कथेत कुत्रं पोळी घेऊन पळतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावतात. तिथे कुत्र्याला काही करायचं नव्हतं, बसायचं नव्हतं, गप्प राहायचं नव्हतं. खाऊच्या पद्धतीला मी मान देतो तो एवढ्या अटीवर: रोजचं जेवण बिनशर्त मिळालेलं असावं आणि त्यावरचा दाणाच फक्त सशर्त असावा. फोनवाल्या डब्याचं यावर उत्तर नसतं, कारण जेवण त्याच्या हातात नाही. सकाळ-संध्याकाळ भाकरी कालवून घालते ती राखणदाराची बायको.

तिचं नाव या सगळ्या चर्चेत कुठेच येत नाही. डबा बसवताना तिला एवढंच सांगितलेलं असतं, ‘याला हात लावू नका.’ पावसाळ्यात या खोऱ्यात हवा इतकी ओली होते की कोरडा खाऊ दोन दिवसांत मऊ पडतो. फुटाण्याएवढे एकसारखे दाणे लागणाऱ्या यंत्रात त्याचा लगदा बसतो, मुंग्या होतात, वीज जाते. मग पुण्याहून फोन येतो आणि तीच डबा उघडून पुसते. तरी कुत्र्याचं शिक्षण हे तिचं काम मानलं जात नाही. कुत्रं मात्र तिची पावलं ओळखतं, आणि फाटकाशी दूधवाल्याची मोटारसायकल कुठली नि अनोळखी कुठली हेही तिच्याच वागण्यावरून शिकलेलं असतं.

म्हणून मी म्हणतो की यंत्र ठेवा, पण जुनं ठेवा. आवाज करून दाणा टाकणारं, खिशातल्या रिमोटवर चालणारं, इंटरनेट नसलेलं. आणि रिमोट तिच्याकडे द्या. फाटकाचा आवाज झाला की कुत्र्याने ओट्यावरच्या पोत्यावर जाऊन बसायचं, भुंकायचं असेल तर तिथून भुंकायचं, म्हणजे पाहुणाही आत येईल आणि राखणही होईल. हे तिला एका शनिवारी दाखवता येतं. कुठल्या भुंकण्यावर बटण दाबायचं आणि कुठल्यावर नाही, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं, कारण रात्री उठायचं तिला आहे.

यिन यांच्या पद्धतीत आणखी एक भाग होता, जो फोनवाल्या डब्यांनी गाळला. सुरुवातीला दाणे काही सेकंदांनी पडतात, मग अंतर वाढवत न्यायचं, मिनिटांवर आणायचं, मग कधीतरी एखादा. यंत्र सतरंजीपासून दूर सरकवायचं, आणि सवय पक्की झाली की उचलून माळ्यावर टाकायचं. यशस्वी यंत्र म्हणजे ज्याची गरज संपली ते. फोनवाल्या डब्यांतल्या कित्येकांना महिन्याची वर्गणी असते. कुत्रं शहाणं झालं आणि माणूस डब्याकडे बघेनासा झाला तर वर्गणी बंद पडणार, त्यामुळे ते शहाणं व्हावं यात यंत्र विकणाऱ्याला काहीच रस नाही. त्याला रस आहे तो दिवसातून वीस वेळा फोन उघडणाऱ्या माणसात, आणि कधीमधी दिसणारं कुत्रं हे त्या माणसासाठी अनिश्चित बक्षीसच असतं.

फार्महाउसवर राखणीला जोडपं ठेवताना पगार ठरतो तेव्हा गवत कापणं धरतात, मोटर चालू-बंद करणं, झाडांना पाणी, झाडलोट, पाहुणे आले तर स्वयंपाक, हे सगळं एकेक करून धरतात. कुत्रं त्या यादीत ‘बघा थोडं’ एवढ्यावर निघून जातं. डब्यावर आणि त्याच्या वर्गणीवर वर्षाला जेवढे पैसे जातात तेवढे तिच्या पगारात कुत्र्याच्या शिकवणीचे म्हणून वेगळे लिहायला हरकत नसावी. घासाघीस होईल. तिने जास्त मागितले तर ते देण्यासारखंही आहे.